मागच्या भिंतीवरचा शेवटचा कोड

मी कोड बोलतोय. चहाच्या टपरीवर काचेला चिकटवलेला असतो ना, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, ज्याच्यापुढे फोन धरून तुम्ही पैसे देता, त्याच जातीचा. पण खिशाकडे हात नेऊ नका. मी पैशांतला नाही, शाळेतला आहे. दोंडाईच्यापासून थोडं आत एक गाव आहे. त्या गावच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या नळापासून हातभर अंतरावर माझा मुक्काम आहे. समोर कापसाचं शेत, आणि शेताच्या पलीकडे रेल्वेची लाईन.

मला तीन डोळे आहेत. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात, तेच ते. चौथा कोपरा रिकामा का, ते मला विचारू नका. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला डोळेही आहेत, एवढंच समजा. या डोळ्यांनी मी शेत पाहतो, गाड्या पाहतो, नळावर भांडणारी पोरं पाहतो. पण माझ्या स्वतःच्या पोटात काय लिहिलंय, ते मात्र मला दिसत नाही. तुम्हाला तुमची पाठ दिसते का? तसंच आहे ते.

कोणीतरी फोन घेऊन समोर येईल, पिक् असा आवाज होईल, आणि आपण काय आहोत ते आपल्याला कळेल, या आशेवर आम्ही कोड भिंतीला चिकटून असतो. तोवर करायचं काय? स्वप्नं पाहायची. दुपारी वारा सुटला की कापसाची बोंडं हलतात, लांबून मालगाडीचा आवाज येतो, आणि मला वाटतं, माझ्या पोटात एखादी नदी असेल. कधी वाटतं, एखादा राजा असेल. एकदा तर मला वाटलं होतं की मी पाढा आहे. त्या दिवशी मी जरा उदास होतो.

माझा जन्म दोंडाईच्याच्या स्टेशन रोडवर मोतीलालभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. आम्ही बरीच भावंडं एकापाठोपाठ एक मशीनमधून बाहेर पडलो, गरम गरम. मी शेवटचा. काउंटरपाशी चारुलता मॅडम उभ्या होत्या. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. मूळच्या जामनेरच्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या. शनिवारी शाळा सुटली की त्या दोंडाईच्याहून जळगावची गाडी धरायच्या, तिथून बसने जामनेर, आणि सोमवारी सकाळी परत फळ्यापुढे. त्यांची ती गाडी पुढे मला माझ्या भिंतीवरून दिसायची. पण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त शाईचा वास येत होता.

मोतीलालभाऊंनी मला उचलून उजेडात धरलं. आमच्याकडची बोली अहिराणी; तिच्यात 'शे' म्हणजे आहे आणि 'शेत' म्हणजे आहेत. "मॅडम, याच्यात ठिपके फार दाट शेत. इतकं काय लिहिलं?"

"शेवटचा आहे तो," मॅडम म्हणाल्या. "तोंडानं सांगायला जमणार नाही, म्हणून त्याच्यात लिहिलंय."

 मोतीलालभाऊंनी माझ्या भावंडांना एकेक करून प्लास्टिकच्या झुळझुळीत आवरणात बसवलं. माझी पाळी आली, तेव्हा ते आवरणच संपलं. "हा एक असाच लई जा," ते म्हणाले, "खळीनं चिकटाडी द्या, भिंतवर मस्त बसस." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सगळ्यांना नवे कपडे आणि धाकटा उघडा, असा प्रकार झाला.

मॅडमचा बेत मी येतानाच त्यांच्या पिशवीतून ऐकला, कारण रिक्षात त्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, शनिवार, दप्तर नाही, पुस्तक नाही. पोरांचे गट करायचे. शाळेच्या आवारात ठिकठिकाणी कोड. मॅडमचा फोन आणि शाळेचा टॅब घेऊन पोरांनी एक कोड वाचायचा, आतला प्रश्न सोडवायचा, उत्तरातून पुढच्या कोडाची जागा ओळखायची, आणि असं करत करत खजिन्यापर्यंत पोचायचं. गावात रेंज येते-जाते, तिचा भरवसा नाही. म्हणून मॅडमनी शब्दच आमच्या पोटात घालून ठेवले होते. वाचायला नेट लागत नव्हतं.

आणि त्यांनी एक गंमत केली. कोड आदल्या दिवशी न लावता दसऱ्याच्याही आधी लावून टाकले. एक पंपावर, एक घंटेखाली, एक कडुनिंबाला, एक खिचडीच्या खोलीच्या दारावर. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. "बघायचं, पण वाचायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पोटात काय आहे याचा नुसता विचार करायचा." चौथीतल्या पोरांना नुसता विचार करायला सांगणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून त्याला श्लोक म्हणायला लावण्यासारखं आहे. पोरं येता-जाता आम्हाला हात लावायची, नाक टेकवून पाहायची. भूषण नावाचा एक आहे, गटाचा पुढारी. तो तर पंपावरच्या माझ्या भावाला कान लावून ऐकायचा.

आता रूपाबद्दल सांगतो. चौथीतली, दोन वेण्या, एक कायम सुटलेली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी तिची सगळ्या गावात ख्याती. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची म्हैस व्याली, गुरुजींनी कोणाला मारलं, सगळी खबर रूपाकडे आणि रूपाकडून गावाकडे. "रूपाले सांगं म्हणजे भोंग्यावर सांगं," असं खिचडी शिजवणाऱ्या ताईबाई म्हणायच्या. स्वभावाने मायाळू पोर. पण ऐकलेलं तिला पोटात ठेवता यायचं नाही. आणि मी पडलो जन्मभर पोटात ठेवणारा. आमची गाठ पडणार होतीच.

एका रविवारी दुपारी शाळेला कुलूप होतं. आवारात एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कोणी नाही. रूपा कुंपणाच्या फटीतून आत आली. हातात तिच्या आबांचा फोन. आबा म्हणजे तिचे वडील. ते जेवून झोपले होते. ती भावंडांकडे वळलीही नाही, सरळ माझ्यापुढे येऊन बसली.

"बठ्ठासमा तुन्हा पोटमा जास्त शे," ती मला म्हणाली, "तूच शेवटला शे. आते दखस मी काय शे ते."

सगळ्यांत जास्त माझ्याच पोटात आहे, हे तिने हेरलं होतं. माझे सगळे ठिपके शहारले. तिने फोन धरला, पण दुसऱ्या हाताचं बोट माझ्या एका डोळ्यावर टेकलेलं होतं. फोन गप्प. तिने फोन हलवला, पुसला, पुन्हा धरला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने बोट काढलं. पिक्!

तो आवाज मी कधी विसरणार नाही. मी वाचला गेलो होतो. माझ्या पोटात नदी होती की राजा, ते आता मला कळणार होतं. रूपा बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली. चौथीतली पोरं मनात वाचत नाहीत, हे माझं भाग्य.

"शाब्बास बाळांनो. तुम्ही शेवटच्या कोडापर्यंत आलात. खजिना ऑफिसच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात आहे. सगळ्यांनी वाटून खा." इथे रूपा हसली. मग पुढे वाचू लागली. "दिवाळीनंतर मी शाळेत येणार नाही. माझी बदली जामनेरकडे झाली आहे. तुमच्यासारखी मुलं मला पुन्हा मिळणार नाहीत. नवीन सरांना त्रास देऊ नका. रडायचं नाही. तुमची चारुलता मॅडम."

रूपाने फोन खाली केला. शेतातून वारा येत होता. तिने पुन्हा फोन माझ्यापुढे धरला. पिक्. पुन्हा तेच शब्द. "खोटं शे हाई," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा फोन धरला. मी काय करणार? माझ्या पोटात जे घातलं होतं तेच मी दिलं. मग ती नळापाशी बसली आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. कुत्रं उठून तिच्याजवळ आलं.

मी इतकी स्वप्नं पाहिली होती, आणि निघालो निरोप. माझ्या पहिल्या वाचकाला मी रडवलं होतं. त्या दुपारी मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही वाटत राहिला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

रूपाची मोठी पंचाईत झाली. सांगावं तर चोरून वाचल्याचं कळणार. पण तिला त्याची भीती कमीच होती. मार खायची तिला सवय होती. तिला वेगळीच भीती होती. तिने ती मला सांगितली. होय, मलाच. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी यायची, पाणी प्यायच्या निमित्ताने, आणि भिंतीला खांदा लावून हळू आवाजात बोलायची. "तू कोणले सांगू नको बरं," ती म्हणायची. "मीबी नही सांगाव. कोणी वाचंच नही ना, ते मॅडम कशा जातीन? वाचं तरच जातीन." तिचा हिशेब असा होता. निरोप माझ्या पोटात आहे तोवर तो खरा नाही. बाहेर आला की खरा. मला त्यात काही चूक दिसेना. मीही वाचला जाईपर्यंत नुसतं स्वप्नच होतो की.

तिच्या मैत्रिणीला, मयुरीला, संशय आला. "रूपा, तुले काय व्हयनं? बोलत का नहीस?" रूपा म्हणायची, "दात दुखी ऱ्हायना." ताईबाई तिला रोज लवंग द्यायच्या. ती लवंग ती गुपचूप माझ्या खाली मातीत पुरून जायची. तोंडात तीळ न भिजणारी पोर किती दिवस दात दुखतोय म्हणून हिंडली, आणि तिच्या वर्गात किती शांतता होती, ते मी खिडकीतून ऐकत होतो.

मग पाटीपूजनाचा दिवस आला. दसऱ्याला शाळेला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच पोरांनी पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती रेखली, झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. या दिवशी आमच्याकडे कशालाच सोडत नाहीत. फळ्याला कुंकू, घंटेला कुंकू, पंपाला, टॅबला, खिचडीच्या पातेल्यालासुद्धा. आमच्या भावंडांनाही लावलं. ती झुळझुळीत आवरणातली होती, त्यांच्या अंगावर ते नुसतं टेकलं आणि दुपारी वाऱ्याने उडून गेलं.

माझ्याकडे रूपा आली. हातात वाटी. वाटीत तिने पाणी घालून कुंकू कालवलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग तिने माझ्या पहिल्या डोळ्यावर बोट टेकवलं, ठसठशीत, गोल. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. ओलं कुंकू माझ्या उघड्या कागदात जिरत गेलं. जग लाल झालं आणि मग हळूहळू अंधारलं.

"राग नको धरू," ती माझ्या जवळ येऊन म्हणाली. "कुंकू कोणी पुसत नही."

तिला बरोबर माहीत होतं. लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, हे आमच्या गावात दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही कळतं. खडू पुसतील, चिखल पुसतील, कुंकू नाही. संध्याकाळी चारुलता मॅडम नळावर हात धुवायला आल्या. मला पाहून हसल्या. "रूपा, देवाला एक टिळा लावतात, याला तीन?" त्यांना फोन धरून पाहायचं सुचलं नाही. दसऱ्याला घरी जायला त्यांना गाडी गाठायची होती.

त्या दिवसापासून मी आंधळा आहे. म्हणजे तुमच्या फोनला मी दिसत नाही. मला मात्र लालसर धुक्यातून सगळं दिसतं. शेत लाल, गाडी लाल, आकाश लालसर. स्वप्न पाहायला हे धुकं बरं असतं.

तो शनिवार उजाडला. काय गोंधळ होता! पोरं पंपाकडून घंटेकडे, घंटेकडून कडुनिंबाकडे धावत होती. पंपावरच्या कोडाने विचारलं होतं, "मला तोंड नाही, तरी मी ओरडले की तुम्ही पळत सुटता, मी कोण?" घंटेखालच्याने हंडे आणि बादल्यांचं गणित घातलं होतं, त्यात मयुरीचा गट अडकून पडला. सगळीकडून पिक् पिक् ऐकू येत होतं आणि दर आवाजाला माझ्या भावंडांचा जीव सुखावत होता. मी भिंतीवर गप्प होतो. रूपा भूषणच्या गटात होती. ती सगळ्यांच्या मागे, पाय ओढत येत होती.

भूषणचा गट माझ्यापुढे पहिला पोचला. त्याने टॅब धरला. काही नाही. जवळ नेला, लांब नेला. काही नाही. "मॅडम, हा वाचतच नाही!" तो ओरडला. बाकीचे गटही धावत आले आणि माझ्यापुढे ही गर्दी झाली. "कुंकू लागेल शे ना, त्यानामुळे," कोणीतरी म्हणालं. भूषणने नळाखाली रुमाल भिजवला आणि हात उचलला.

"ए भूषण्या!" खिचडीच्या खोलीतून ताईबाईंचा आवाज आला. हातात पळी घेऊन त्या तशाच बाहेर आल्या. "कुंकू पुसस का रे? सणासुदीना दिन शेत! हात लावू नको त्याले."

भूषणचा हात तिथेच थांबला. बाकीच्या पोरांनीही मान हलवली. कुंकू पुसायचं म्हणजे काय!

चारुलता मॅडम आल्या. त्यांनी स्वतःचा फोन धरला, टॉर्च लावली, तिरका धरला. मग त्यांनीही पदराचं टोक ओलं केलं. माझ्या पहिल्या डोळ्यापर्यंत आणलं, आणि सोडून दिलं. त्यांच्याच्यानेही झालं नाही.

"मॅडम, तुम्हीच सांगा ना काय लिहिलंय," पोरं म्हणाली. "तुम्हीच तर लिहिलंय."

मॅडमनी तोंड उघडलं. शब्द त्यांचेच होते, पण तोंडाने सांगायला जमत नव्हतं म्हणून तर त्यांनी मला छापून घेतलं होतं. त्यांनी पोरांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "खजिना ऑफिसच्या कपाटात आहे. स्टीलच्या डब्यात. पळा."

पोरं पळाली. निम्मा निरोप सांगितला गेला होता. उरलेला निम्मा माझ्यातच राहिला. आवार क्षणात रिकामं झालं. रूपा तेवढी नळापाशी उभी होती, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, जमलं पोरीला.

"मॅडम," ती म्हणाली, "आते तुम्ही नही जाशात ना?"

मॅडम वळल्या. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या तीन टिळ्यांकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि रूपाला त्यांनी शेजारी बसवलं.

"तूच वाचलंस ना?"

रूपाने मान हलवली. "आबाना फोनवरथून."

"आणि इतके दिवस कोणाला सांगितलं नाहीस? तू?"

"यालेच सांगं," रूपा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

 लाईनवरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपतच नव्हते. ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "रूपा, मला एक मुलगा आहे. योगेंद्र. पाच वर्षांचा आहे. जामनेरला माझ्या आईजवळ असतो. दर रविवारी रात्री तो माझी एक चप्पल लपवतो."

"कसाले?"

"म्हणजे सोमवारी मला निघता येणार नाही."

रूपा विचारात पडली. "मंग तुम्ही काय करतस?"

"आईची चप्पल घालून येते. तो उठायच्या आत."

"मंग तो उठस तवय?"

मॅडमनी पाय जवळ ओढून घेतले. रूपाने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मॅडमच्या पायात त्या दिवशी मापापेक्षा मोठ्या, टाचेकडे झिजलेल्या चपला होत्या. आम्ही दोघांनी त्या इतक्या दिवसांत पाहिल्या होत्या, पण विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"तो रडस?" रूपाने विचारलं.

"रडतो," मॅडम म्हणाल्या.

रूपा आपल्या सुटलेल्या वेणीशी खेळत राहिली. मला तिच्या मनातलं ऐकू येत नव्हतं, पण मला ते कळत होतं. इतके दिवस ती माझ्याशीच तर बोलत आली होती. एवढं लांबवरचं पोर, ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, ते तिच्यासारखंच काहीतरी लपवून बसलं होतं. आणि दोघांपैकी एकालाच मॅडम मिळणार होत्या.

ऑफिसकडून 'लाडू, लाडू' असा गलका आला. ती उठली. "चला मॅडम," ती म्हणाली, "लाडू संपी जातीन."

पुढचं मी खिडकीतून ऐकलं. माझी भिंत त्याच वर्गाची आहे. पोरं लाडू खात होती, शेवेवरून भांडत होती. मॅडम पुढे उभ्या राहिल्या असाव्यात, कारण गोंगाट थांबला. "मुलांनो, मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या. पोरं वाट पाहत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं, "मला तुम्हाला..." आणि पुन्हा आवाज बसला.

मग बाक सरकल्याचा आवाज आला. रूपा उभी राहिली होती.

"शेवटच्या कोडमध्ये काय होतं ते मी सांगते," ती म्हणाली. शुद्ध मराठीत, फळ्यावरचं वाचावं तसं. "शाब्बास बाळांनो. तुम्ही शेवटच्या कोडापर्यंत आलात. खजिना ऑफिसच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात आहे. सगळ्यांनी वाटून खा."

मी भिंतीवर थरथरलो. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. तिने मला इतके दिवस पाठ करून ठेवलं होतं.

"दिवाळीनंतर मी शाळेत येणार नाही. माझी बदली जामनेरकडे झाली आहे." वर्गात कोणीतरी लाडू खाली ठेवल्याचा आवाज झाला. रूपा थांबली नाही. "तुमच्यासारखी मुलं मला पुन्हा मिळणार नाहीत. नवीन सरांना त्रास देऊ नका." इथे ती क्षणभर थांबली. मला पुढचं वाक्य माहीत होतं, मी ते तिच्याआधी म्हणायलाही लागलो होतो. पण रूपाने ते घेतलंच नाही. "तुमची चारुलता मॅडम," ती म्हणाली आणि खाली बसली.

रडायचं नाही, असं त्यांना कोणी सांगितलंच नाही. म्हणून सगळे रडले. भूषण रडला, मयुरी रडली, पळी हातात घेऊन ताईबाई दारात उभ्या राहून रडल्या, आणि चारुलता मॅडम, ज्यांना आपण रडू म्हणून तोंडाने सांगायचं नव्हतं, त्या पोरांच्या मधोमध बसून मनमोकळं रडल्या. मला वाटतं, त्यांना तेच हवं होतं. कागदाला ते सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी जळगावची गाडी लाईनवरून गेली. लांबून खिडक्या दिसत नाहीत. रूपा शेताच्या बांधावर उभी राहून हात हलवत होती, गाडी दिसेनाशी झाल्यावरही.

आता हिवाळा आहे. कापूस वेचून झालाय आणि समोरच्या मोकळ्या शेतात मिरच्या वाळत घातल्यात; माझ्या लाल नजरेला तर सगळं जग मिरचीचंच झालंय. माझी खळ सुटत चालली आहे, खालचं एक टोक वाऱ्याने उचलतं. नवीन सर आले आहेत, चोपड्याकडचे, तरुण. त्यांनी परवा माझ्यापुढे फोन धरला. फोन गप्प राहिला. "हा खराब झालाय, काढून टाकू का?" त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गाने एका आवाजात नको म्हटलं. सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला राहू दिलं. पोरं त्यांना त्रास देत नाहीत. म्हणजे फार देत नाहीत.

रूपा पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली आहे. गावातल्या बातम्या पुन्हा वेळेवर मिळतात. पण एक गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितलेली नाही: मॅडमच्या निरोपात आणखी एक वाक्य होतं. मयुरीला नाही, आबांना नाही. मॅडमना ते माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तिला. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आता जो म्हणेल, त्याने आधी माझ्याशी बोलावं.

वाचकहो, माझं एकच मागणं आहे. तुमच्याजवळ कोणाला सांगायचं असं काही असेल, आणि ते सांगताना आवाज बसेल अशी भीती वाटत असेल, तर ते माझ्यासारख्याच्या पोटात घालून भिंतीला चिकटवू नका. जाऊन सांगा. आवाज बसला तर बसू द्या. समोरचं कोणीतरी उठून पुढचं सांगेल.

आणि मला पुसू नका. मला पुन्हा वाचलं जायचं नाही. एकदा मला एका मुलीने अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि एकदा न पाहता म्हटलं. एका कागदाला याहून जास्त काय हवं असतं? आता वारा माझं टोक उचलतो तेव्हा मी त्याला विचारतो, जामनेरकडे जातोस का? तिथे एक पाच वर्षांचं पोर सोमवारी सकाळी उठतं, दाराशी जातं, आणि त्याच्या आईच्या दोन्ही चपला तिथेच असतात. ते पाहून ये, आणि मला सांग.